लीजची गाडी सारखी बंद पडतेय – न्यू जर्सीचा लेमन लॉ कुणी वापरलाय का?

केतकी_एनजे | २७ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता रडकुंडीला आलेय म्हणून धागा काढतेय.

मागच्या ऑक्टोबरात नवी कोरी हायब्रिड एसयूव्ही ३६ महिन्यांच्या लीजवर घेतली. सह्या करताना २,९९९ डॉलर भरले, महिन्याचा हप्ता ४२९. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच नसती भानगड नको.

५ फेब्रुवारीला सकाळी लेकीला डेकेअरला सोडायला निघाले तर गाडी ढिम्म. किल्लीने दारही उघडेना. टो करून डीलरकडे नेली. 'बॅटरी उतरली होती, चार्ज करून दिली' म्हणाले. ८ तारखेला मिळाली.

१४ मार्च, शुक्रवार संध्याकाळ. २८७ हायवेवर मधल्या लेनमध्ये ताशी ६५ माइलने चाललो होतो. अचानक स्क्रीन काळा, मग पिवळा दिवा, 'पॉवर कमी केली आहे' असा संदेश आणि गाडी थेट पंचविसावर. मागे ट्रकचा भोंगा. सासूबाई मागच्या सीटवर लेकीचा हात धरून रामरक्षा म्हणत होत्या. कडेच्या पट्टीवर कशी आणली ते माझं मला माहीत. ती २५ मार्चला परत मिळाली. 'सॉफ्टवेअर अपडेट केलं.'

मग परवा, २१ एप्रिलला, रूट वनवर पुन्हा तेच. या वेळी स्वतःच डीलरकडे नेऊन सोडली. २५ ला परत दिली, कागदावर लिहिलंय, 'तक्रार आढळली नाही'.

लीज कंपनीला फोन केला तर म्हणे दुरुस्तीशी आमचा संबंध नाही, हप्ता वेळेवर भरा. मुदतीआधी परत करायची तर ११ हजारांच्या वर मागतात. सारख्या बिघडणाऱ्या नव्या गाडीला इथे लेमन म्हणतात आणि ती कंपनीला परत घ्यायला लावणारा तो लेमन लॉ. पण गाडी माझ्या नावावर नाही, मग तो मला लागू होतो का? नवरा म्हणतो हप्ताच थांबवू, येतील धावत.

---

रानजाई

बापरे, २८७ वर! देवाची कृपा गं. माहीतगार येतीलच, तोवर रुमाल टाकून ठेवते.

---

पुणेरी_पाटी

नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं नव्हतंत वाटतं. म्हणून अख्खी गाडीच लिंबू निघाली.

---

नंबर_दोन

लीज घेणं हाच मुळात मूर्खपणा. तीन वर्षं भाडं भरायचं आणि हातात काय तर धुपाटणं. दहा वर्षं जुनी टोयोटा घ्या, रोख पैसे द्या, विषय संपला.

---

ढेबेवाडीकर

लिंबाचा विनोद झाला, लीजवरचं कीर्तनही झालं. आता कामाचं बोलू.

केतकी, सर्वात आधी नवऱ्याला सांग, हप्ता थांबवायचा नाही. एकही नाही. लीज कंपनी आणि गाडी बनवणारी कंपनी कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या. हप्ता चुकला की तुझं क्रेडिट जाईल, गाडी उचलून नेतील, आणि लेमनच्या केसमध्ये 'यांनीच करार मोडला' म्हणायला समोरच्याला आयतं कोलीत मिळेल.

लीजची गाडी चालते. न्यू जर्सीच्या कायद्यात विकत घेतलेली आणि लीजवर घेतलेली, दोन्ही धरतात. गाडी ताब्यात आल्यापासून दोन वर्षं किंवा २४,००० माइल, जे आधी होईल त्याच्या आत दोष दिसला आणि त्याची तक्रार केली पाहिजे. तू त्यात आरामात बसतेस.

मग तीन वाटा. एकच दोष तीनदा दुरुस्तीला जाऊनही गेला नाही, ही पहिली. दुसरी म्हणजे जीवावर बेतेल असा दोष, त्याला एक प्रयत्नही पुरतो. आणि गाडी दुरुस्तीपायी एकूण २० दिवस अडकून पडली, ही तिसरी. यातलं काहीही झालं तरी कंपनीला सर्टिफाइड मेलने, पोचपावती मागवून, शेवटची एक संधी द्यावी लागते, पत्र मिळाल्यापासून १० दिवसांची. ते पत्र डीलरला नाही, गाडी बनवणाऱ्या कंपनीला. लोक इथेच चुकतात, डीलरच्या मॅनेजरला ईमेल पाठवत बसतात.

मी यातून २०१६ साली गेलोय. माझी गाडी विकत घेतलेली होती, पण रस्ता तोच. तुझ्याकडच्या तिन्ही रिपेअर ऑर्डरवर, म्हणजे डीलरने दिलेल्या दुरुस्तीच्या कागदांवर, काय लिहिलंय ते शब्दशः इथे टाक.

---

केतकी_एनजे

धन्यवाद काका! शोधून काढल्या.

पहिली: 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार गाडी सुरू होत नाही. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज केली.' दुसरी: 'स्क्रीन काळा होतो. इन्फोटेन्मेंट अपडेट केलं.' तिसरी: 'ग्राहकाला वेग कमी वाटतो. तपासली, तक्रार आढळली नाही.'

---

ढेबेवाडीकर

हे बघ, गोम इथे आहे. तुझ्या मते गाडी तीनदा एकाच कारणाने बंद पडली. कागदावर मात्र तीन वेगळे आजार दिसतायत: एकदा बॅटरी, एकदा टीव्ही बिघडावा तसा स्क्रीन आणि एकदा बाईंना उगाच वाटलं. २८७ वर काय झालं ते एकाही कागदावर नाही. 'वेग कमी वाटतो' म्हणे!

सर्व्हिस ॲडव्हायजर मुद्दाम करतो असं नाही. त्याच्या समोर रांग असते, तो ऐकलेलं चार शब्दांत बसवतो. पण सुनावणीत तेच चार शब्द बोलतात.

पुढच्या वेळी तोंडी सांगूच नकोस. एक वाक्य घरून टाइप करून ने आणि दर वेळी तेच दे: 'चालू गाडीची विद्युत यंत्रणा अचानक बंद पडते, पॉवर जाते, कधी गाडी सुरूच होत नाही; ५ फेब्रुवारीपासून हाच दोष.' ते रिपेअर ऑर्डरवर चढल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. दर वेळी तारीख आणि माइल घातलेला वाचता येईल असा कागद देणं डीलरला बंधनकारक आहे, उपकार नाहीत.

---

मोटारमन

तांत्रिक बाजू. १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे जुन्या गाडीतली ती साधी बॅटरी, हायब्रिडची मोठी नव्हे. पण सगळे कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. तिचं व्होल्टेज पडलं की एकेक मॉड्यूल झोपतं. स्क्रीन जातो, मग गाडी स्वतःला वाचवायला पॉवर कमी करते. म्हणजे तुमचे तिन्ही प्रसंग एकाच दोरीतले असू शकतात. तिला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर मधूनच दगा देत असेल, किंवा गाडी बंद असतानाही एखादं मॉड्यूल जागं राहून रक्त पीत असेल.

दोन कामं करा. एनएचटीएसएच्या (अमेरिकी सरकारचं वाहन-सुरक्षा खातं) साइटवर मॉडेल आणि वर्ष टाकून रिकॉल, म्हणजे दोषापायी कंपनीने परत बोलावलेल्या गाड्या, तर बघाच, त्याखाली कंपनीने डीलरांना पाठवलेली पत्रकंही असतात. त्यांना टीएसबी म्हणतात. तुमच्या लक्षणाचं सापडलं तर छापून घ्या. मग 'आम्हाला असं काही माहीतच नाही' म्हणता येत नाही.

दुसरं, गाडीत बाहेरचं काही जोडलंय का? डॅशकॅम वगैरे?

---

केतकी_एनजे

डॅशकॅम आहे. नवऱ्याने फ्यूजबॉक्समधून वायर काढलीय, पार्किंगमध्येही चालू राहतो.

---

मोटारमन

आजच काढा. दोष त्याचा असेलच असं नाही, पण कंपनीचा माणूस पहिलं बोट त्याच्यावर ठेवेल. काढल्याचं पुढच्या रिपेअर ऑर्डरवर लिहून घ्या. त्यानंतर बंद पडली तर सोन्याहून पिवळं.

---

पुणेरी_पाटी

गाडी बंद पडली तर सोन्याहून पिवळं! काय दिवस आलेत.

---

रानजाई

मी दिवस मोजले. कायद्यात वीस कॅलेंडर दिवस म्हटलंय ना, म्हणजे शनिवार-रविवार धरून? ५ ते ८ फेब्रुवारी चार. १४ ते २५ मार्च बारा. २१ ते २५ एप्रिल पाच. एकवीस झाले की!

---

ढेबेवाडीकर

रानजाई, तुझ्या तोंडात साखर पडो. मी तीन प्रयत्नांच्याच नादात होतो. आणि दिवसांच्या वाटेचा फायदा असा की दोष एकच असावा लागत नाही. एक किंवा अनेक दोषांपायी मिळून वीस. म्हणजे ॲडव्हायजरने तीन वेगळे आजार लिहिले ते इथे आड येत नाहीत. डीलरने लोनर (तात्पुरती बदली गाडी) दिली होती की नाही यानेही फरक पडत नाही, तुझी गाडी तुझ्याकडे नव्हती ना.

केतकी, कागदावरच्या 'आत-बाहेर' तारखा जुळतात का बघ.

---

केतकी_एनजे

नाही जुळत!! मार्चच्या कागदावर आत आल्याची तारीख १७ आहे. टो ट्रक शुक्रवारी रात्री आठला पोचला तेव्हा सर्व्हिस बंद होती, किल्ली पाकिटात घालून खाचेतून टाकली. त्यांनी ऑर्डर सोमवारी उघडली. म्हणजे कागदावर तीन दिवस कमी, एकूण १८.

---

ढेबेवाडीकर

टोची पावती आहे? रोडसाइडवाल्यांचा मेसेज तरी?

---

केतकी_एनजे

मेसेज आहे. '१४ मार्च, रात्री ८:०७, गाडी पोचवली' आणि डीलरचा पत्ता. शिवाय घरी यायला घेतलेल्या उबरचं बिलही त्याच पत्त्यावरून आहे.

---

ढेबेवाडीकर

जपून ठेव. हे दोन कागद तुझे तीन दिवस आहेत. आणि पत्रात दिवसांबरोबर २८७ चा प्रसंगही सविस्तर घाल. एका वाटेवर अडवलं तर दुसरी मोकळी हवी.

---

फ्रीमाँटवासी

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी, कारण इथे आकडे वेगळे आहेत आणि लोक एका राज्याचं दुसऱ्याला लावतात. आमच्याकडे १८ महिने किंवा १८,००० माइलच्या आत चार प्रयत्न, जिवाला धोका असेल तर दोन, किंवा ३० पेक्षा जास्त दिवस. पण हे फक्त गृहीतक आहे, त्याबाहेरही वॉरंटीच्या काळातला दावा करता येतो. लीज इथेही धरतात. जिंकलात तर वकिलाची फी कंपनी देते, त्यामुळे रेडिओवर दर दहा मिनिटांनी लेमन वकिलांच्या जाहिराती. २०२५ पासून नोटीस-मध्यस्थीची नवी पद्धत आलीय, पण ती स्वीकारायची की नाही हे प्रत्येक कंपनीवर सोडलंय. तुमच्या कंपनीने स्वीकारलीय का ते आधी बघा, मुदती त्यावर बदलतात.

---

नंबर_दोन

थोडक्यात, वकिलांची चंगळ. ५० डॉलरचा अर्ज आणि ५ हजारांचा वकील.

---

ढेबेवाडीकर

न्यू जर्सीत वकील लागतोच असं नाही. राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागात लेमन लॉ युनिट आहे, अर्जाची फी खरोखरच ५० डॉलर. मी वकिलाशिवाय गेलो होतो, इंग्रजी माझं सातारी आहे तरी.

आता पैशाचं. वापरापोटी कापतात ते लोकांना कळत नाही. माझी गाडी ३२,००० ची, पहिल्यांदा तक्रार घेऊन गेलो तेव्हा ५,००० माइल झालेले. किंमत गुणिले माइल भागिले एक लाख, १,६०० कापले. निकाल लागला तोवर गाडी १९ हजार चालली होती, पण धरतात ते पहिल्या तक्रारीचे माइल. 'बघू जरा, होईल ठीक' म्हणून थांबलो असतो तितके पैसे गेले असते.

---

ॲड_कोथरूड

अवांतर, पण भारतातून वाचणाऱ्यांसाठी. आपल्याकडे लेमन लॉ नाही. आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, दोन वर्षांची मुदत, आणि आता तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. पण 'इतके प्रयत्न, इतके दिवस' असं मोजमाप नसल्याने उत्पादनातला दोष सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटलंय की भाग बदलून भागत असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही. ऑफिसच्या लीजवरची गाडी असेल तर खरेदीदार कोण आणि ग्राहक कोण यावरच पहिल्या दोन तारखा जातात.

---

पुणेरी_पाटी

फक्त दोन?

---

केतकी_एनजे | १० मे २०२५

अपडेट. ग्रीन कार्ड मिळालं! पोस्टाचं. पत्र कंपनीला ५ मेला पोचल्याची सही असलेलं ते हिरवं कार्ड काल घरी आलं. नवऱ्याने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, दोन मावश्यांनी खरोखर अभिनंदन केलं.

कंपनीने ९ तारखेला गाडी मागवून घेतली. डॅशकॅम काढलाय आणि ते ऑर्डरवर लिहून घेतलं. ॲडव्हायजर म्हणाला, एवढं लांब वाक्य चौकटीत बसत नाही. मी म्हटलं दुसऱ्या चौकटीत लिहा.

---

केतकी_एनजे | ३ जून २०२५

कंपनीचा इंजिनियर येऊन एक मॉड्यूल बदलून गेला होता. १३ मेला गाडी परत मिळाली, वीस दिवस छान चालली. मलाच अपराधी वाटायला लागलं की उगाच तक्रार केली. काल ओक ट्री रोडवर आंब्याची पेटी घेऊन पार्किंगमध्ये आले, गाडी मेलेली. दार उघडेना. पेटी मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर दीड तास. पुढच्या काकूंनी चहा आणून दिला.

आज अर्ज टाकला.

---

मोटारमन

डॅशकॅम नसताना. आता बोला म्हणावं.

---

केतकी_एनजे | २२ जुलै २०२५

सुनावणीची तारीख लागली आणि लगेच कंपनीचा फोन आला. २,५०० डॉलर रोख आणि वॉरंटी वाढवून सात वर्षांची. बदल्यात सही करायची की यापुढे या गाडीबद्दल दावा नाही. नवरा म्हणतो घेऊन टाक, कटकट मिटेल. काय करू?

---

रानजाई

थांब, थांब. लीज तीन वर्षांची ना? मग सात वर्षांची वॉरंटी कोणाला? तुझ्यानंतर जो घेईल त्याला!

---

ढेबेवाडीकर

तीन वर्षांची वॉरंटी आधीच आहे आणि तीन वर्षांनी गाडी परत जाणार. तुला एक दिवसही जास्त मिळत नाही. उरले २,५०० आणि त्यात अजून दोन वर्षं त्याच गाडीत लेकीला बसवायचं. आकडा फेकतायत याचा अर्थ त्यांनी तुझे कागद वाचलेत.

---

नंबर_दोन

मी लीजच्या विरोधात आहेच, पण सही करू नका.

---

केतकी_एनजे | २३ ऑगस्ट २०२५

नेवार्कला जाऊन आले. कोर्टाची धास्ती होती, पण साधी खोली, एक लांब टेबल, न्यायाधीश बाई आणि समोर कंपनीतर्फे दोघे. दीड-दोन तास चाललं. मी फाइलला रंगीत चिठ्ठ्या लावून नेली होती, दहावीच्या परीक्षेला जावं तशी.

कंपनीचे दोन मुद्दे. एक, डॅशकॅम. त्यावर मी मे महिन्याची ऑर्डर आणि जूनची टो पावती शेजारी शेजारी ठेवली, विषय तिथेच संपला. दुसरा, दिवस वीस भरत नाहीत. त्यांनी १७ मार्च काढला, मी ८:०७ चा मेसेज आणि उबरचं बिल. बाईंनी त्यांना विचारलं, १४ ते १७ गाडी कुठे होती असं तुमचं म्हणणं आहे? तो माणूस फाइल चाळत राहिला.

मग बाईंनी मला २८७ बद्दल विचारलं. मी पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. मागे कोण होतं म्हणाल्या. सासू आणि तीन वर्षांची मुलगी, एवढंच बोलले.

---

केतकी_एनजे | २६ सप्टेंबर २०२५

जिंकलो!! न्यायाधीशांचा निर्णय १७ दिवसांत आला, मग विभागाच्या संचालकांची मंजुरी. कंपनीने लीज मिटवायची, भरलेले हप्ते आणि सुरुवातीचे पैसे परत द्यायचे. वापराचे कापून साडेसात हजारांच्या वर येतील. काका, रानजाई, मोटारमन, तुमच्याशिवाय हे झालं नसतं. सासूबाई सांगलीला परत गेल्यात, त्यांनी फोनवर सगळं दोनदा ऐकलं.

---

पुणेरी_पाटी

अभिनंदन. मग ती गाडी आता कुठे जाते? दुसऱ्या कुणाच्या गळ्यात?

---

ढेबेवाडीकर

अभिनंदन पोरी! पाटी, प्रश्न बरोबर आहे. दुरुस्त करून विकतात, पण लेमन म्हणून परत घेतली होती हे पुढच्या गिऱ्हाइकाला लेखी सांगावं लागतं आणि टायटलवर (मालकीच्या कागदावर) शिक्का असतो. तो शिक्का दुसऱ्या राज्यात नोंदणी करताना गायब झाल्याचे प्रकार होतात, म्हणून जुनी गाडी घेताना व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) इतिहास काढायचा. नंबर_दोन, रोख पैसे देणाऱ्यांनी विशेषतः.

---

नंबर_दोन

वाचतोय.

---

रानजाई

केतकी, आता कोणती गाडी घेणार?

---

केतकी_एनजे

तूर्तास नवरा ट्रेनने जातोय आणि मी भावाची जुनी कोरोला वापरतेय, खिडकी हाताने फिरवायची. लेकीला ती खिडकी इतकी आवडलीय की उतरायला तयार नसते. नवीन घेईन तेव्हा वेगळा धागा काढेन.

आणि हो, डॅशकॅम विकायचा आहे. पार्किंग मोड उत्तम चालतो. कुणाला हवा असेल तर विपू (विचारपूस) करा.